नवरंग नक्की कुणाचा भाऊबंद? पिट्टा कुळाची वंशावळ

रानजाई

मे महिना सरत आला की आमच्या काजूच्या बागेत एका पहाटे ती शीळ ऐकू येते. दोनच सूर. पहिला वर चढतो, दुसरा खाली ओघळतो, मग बराच वेळ काहीच नाही. आमचं घर गुहागर तालुक्यात. बागेच्या मागे जांभ्याचा गडगा, पलीकडे ऐन-किंजळीचं रान. शीळ आली की आई चुलीपाशी बसूनच म्हणते, "आला गं तुझा नवरंग." त्या दिवसापासून आम्ही त्या कोपऱ्यातला पातेरा झाडत नाही, कारण त्याचं सगळं जेवण त्या पातेऱ्याखाली असतं.

यंदा आठ वर्षांचा भाचा आलाय. त्याने गडग्याखाली टुणटुण उड्या मारणारा नवरंग पाहिला आणि विचारलं, "मावशी, हा खंड्याचा भाऊ का गं?" पंखावरचा निळा तुकडा आणि पोटाखालचा लाल रंग बघून कुणालाही तसं वाटेल. मी म्हटलं, नाही. "मग कुणाचा?" याचं धड उत्तर मला देता आलं नाही. मग पंधरा दिवस मिळेल ते वाचलं. वाचता वाचता कळलं की हाच प्रश्न तीनशे वर्षं मोठमोठ्या माणसांना पडला होता आणि बहुतेकांचं उत्तर चुकलं होतं.

युरोपात या पक्ष्याची पहिली छापील नोंद १७१३ सालची, आणि ती मद्रासहून गेली. सेंट जॉर्ज किल्ल्यावर एडवर्ड बल्कली नावाचे डॉक्टर होते. त्यांनी पाठवलेली चित्रं आणि वर्णनं लंडनच्या जेम्स पेटिव्हरने प्रसिद्ध केली. त्यात याचं नाव होतं 'पोनंकी पिट्टा'. तेलुगूत 'पिट्ट' म्हणजे नुसतं पाखरू. आज जगभर ज्या कुळाला पिट्टा म्हणतात, त्याचं नाव आंध्रातल्या कुणा अनामिक माणसाच्या तोंडचा साधा शब्द आहे. मला हे वाचून फार आनंद झाला.

मग १७६६ मध्ये सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिलं आणि बसवलं थेट कावळ्यांत: कॉर्व्हस ब्रॅकियुरस, म्हणजे आखूड शेपटीचा कावळा. दहा वर्षांनी स्टॅटियस म्युलरने त्याला तिथून उचलून कस्तुरांत नेलं. ही चूक समजण्यासारखी आहे. जमिनीवर उड्या मारत पाचोळा उलटवणं, गांडुळं ओढणं, गोगलगायी फोडणं, हे सगळं कस्तुरासारखंच. १८१६ मध्ये व्हिएयोने पिट्टा ही स्वतंत्र प्रजाती केली, तरी हिंदुस्थानातले इंग्रज पक्षिनिरीक्षक पुढे कितीतरी वर्षं त्याला 'ग्राउंड थ्रश' म्हणत राहिले.

खरी खूण बाहेर नव्हतीच. ती गळ्यात होती. पक्ष्यांचा आवाज आपल्यासारखा स्वरयंत्रातून येत नाही. श्वासनलिका जिथे फुप्फुसांकडे दुभंगते तिथे त्यांची शब्दिनी, म्हणजे सिरिंक्स, असते. चिमणी, बुलबुल, दयाळ, कोतवाल, कावळा, कस्तूर हे सगळे ज्या मोठ्या गणात येतात त्याला पॅसेरीन म्हणतात. एकोणिसाव्या शतकात योहानेस म्युलर आणि त्यांच्यानंतर गॅरड यांनी पक्षी फाडून या शब्दिनीचे स्नायू पाहिले, तेव्हा या गणाचे दोन मोठे भाग पडले. एकांत हे स्नायू अनेक आणि गुंतागुंतीचे: हे ऑसिन, म्हणजे खरे गवई. दुसऱ्यांत मोजके आणि साधे: हे सबऑसिन. पिट्टा दुसऱ्या भागात निघाला. म्हणजे कस्तुराशी त्याचं नातं तितकंच, जितकं चिमणीशी किंवा कावळ्याशी.

आता यातली नवलाची गोष्ट. जगातले सबऑसिन प्रामुख्याने दक्षिण आणि मध्य अमेरिकेत राहतात. तिथे त्यांच्या हजाराहून जास्त जाती आहेत. आपल्या बाजूच्या जगात, म्हणजे आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया मिळून, त्यांची संख्या शंभराच्याही आत. त्यातले निम्म्याहून जास्त पिट्टाच. उरलेले म्हणजे ईशान्य भारतापासून इंडोनेशियापर्यंत आणि थोडे आफ्रिकेत आढळणारे रुंद चोचीचे ब्रॉडबिल, मादागास्करचे असिटी, आणि राहायला अमेरिकेत पण याच शाखेतला एक अगदी एकटा पक्षी, सापायोआ. माझ्या बागेत दयाळ, बुलबुल, शिंजीर, सातभाई, कोतवाल असे किती पॅसेरीन आहेत! त्या सगळ्यांत हा एकटाच वेगळ्या शाखेचा.

म्हणून भाच्याला मी सांगितलं: खंड्याचा नाही, कावळ्याचा नाही, कस्तुराचाही नाही. याचे जवळचे भाऊबंद अरुणाचलच्या जंगलात आणि मादागास्करमध्ये आहेत. तो म्हणाला, "मग इथे एकटाच का आला?"

इथल्या जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर सांगावं.

भंडारेकर

सुंदर लिहिलंय, रानजाईताई. आमच्याकडे नागझिऱ्याच्या बाजूला पावसाच्या सुरुवातीला हाच आवाज. उन्हाळाभर सुकलेल्या नाल्याकाठी बांबूखाली पाचोळा ओला व्हायला लागला की याची शीळ सुरू. दिसतो मात्र कमी. एकदा वीस पावलांवर तासभर ओरडत होता तरी दिसला नाही. नंतर कळलं, तो जमिनीवर नव्हताच, झाडाच्या आडव्या फांदीवर बसून मान मागे टाकून ओरडत होता. जमिनीवरचा पक्षी म्हणून मी सगळा वेळ खालीच बघत राहिलो.

तुमच्या भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर: तो फक्त पावसाळ्यापुरता येतो. हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारत आणि सह्याद्रीच्या उत्तर भागापर्यंत विणीला, आणि थंडीत दक्षिणेकडे, श्रीलंकेपर्यंत. तमिळमध्ये त्याला 'आरुमणिक्कुरुवी' म्हणतात, म्हणजे सहा वाजताचा पक्षी. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास ओरडतो म्हणून.

एक विचारायचं होतं. नवरंगात नर-मादी सारखेच दिसतात. सगळ्या पिट्टांत तसंच असतं का?

कातळफूल

आधी शब्दांबद्दल थोडं, कारण धागा वाचताना गोंधळ होऊ शकतो. वर्तमानपत्रांत हल्ली सर्रास 'प्रजाती' हा शब्द एकेका पक्ष्यासाठी वापरतात. मराठी जीवशास्त्राच्या परिभाषेत ती 'जाती'. अनेक जातींचा गट म्हणजे 'प्रजाती', अनेक प्रजातींचं 'कुल', अनेक कुलांचा 'गण'. रानजाई यांनी तो फरक पाळलाय, त्याबद्दल आभार. इथे तो पाळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही, कारण सगळी गंमत प्रजातींमध्येच आहे.

@भंडारेकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथेच मिळतं. २००६ पर्यंत जवळजवळ सगळ्याच याद्यांत पिट्टा कुलात एकच प्रजाती होती, पिट्टा. त्या वर्षी मार्टिन इरेस्टेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्रहालयांतल्या जुन्या, पेंढा भरलेल्या कातड्यांतून डीएनए काढला आणि जुन्या जगातल्या सबऑसिनांची वंशावळ मांडली. त्यात पिट्टांच्या तीन स्पष्ट शाखा दिसल्या, आणि आता त्या तीन वेगळ्या प्रजाती मानल्या जातात. नावं नवी घडवावी लागली नाहीत. एकोणिसाव्या शतकातली टाकून दिलेली नावंच पुन्हा वापरात आली.

हायड्रॉर्निस हे ब्लाइथने १८४३ मध्ये दिलेलं नाव. यातले पक्षी आग्नेय आशिया आणि आसपासचे, आणि यांच्यात नर-मादी वेगळे दिसतात. नर झगझगीत, मादी मातकट, पिल्लं ठिपक्याठिपक्यांची. एरिथ्रोपिट्टा हे पक्षितज्ज्ञ बोनापार्टने १८५४ मध्ये दिलेलं: पोट लाल, वर निळ्या छटा, बहुतेक बेटांवर पसरलेले. आणि उरलेले पिट्टा: पाठ हिरवी, डोळ्यांवर काळा पट्टा किंवा डोकं काळं, उडताना पंखात पांढरा तुकडा चमकतो. आपला नवरंग यातला. आफ्रिकेतले दोन्ही पिट्टाही यातलेच. लांबचं स्थलांतर करणारेही मुख्यतः याच प्रजातीत आहेत, म्हणून पसारा एवढा मोठा.

म्हणजे नर-मादी सारखे की वेगळे, हे बाहेरून दिसणारं लक्षण खरोखर वंशावळीशी जुळलं. ते दरवेळी जुळत नाही, म्हणून इथे ते जुळलं याचं मला फार वाटतं.

रानजाई

कातळफूल, फार उपयोगी. जुन्या कातड्यांची गोष्ट मला माहीत नव्हती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी पेंढा भरून ठेवलेला पक्षी, तेव्हा डीएनए हा शब्दही नव्हता, आणि आज त्याच्या पायाच्या तळव्याचा कण घेऊन घराण्याचा पत्ता लागतो. संग्रहालयात जाऊन "मेलेले पक्षी काय बघायचे" म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं.

अंजनवेल

सापायोआबद्दल अजून लिहा ना कुणीतरी. एकटा पक्षी म्हणजे काय?

कातळफूल

@अंजनवेल, सापायोआ हा हिरवट-पिवळसर, साधा दिसणारा छोटा पक्षी पनामा, कोलंबिया आणि एक्वादोरच्या दमट रानात राहतो. १९०३ मध्ये हार्टर्टने त्याचं वर्णन केलं आणि जातीचं नावच ठेवलं 'एनिग्मा', म्हणजे कोडं. दक्षिण अमेरिकेतला म्हणून त्याला तिथल्याच मॅनाकिन कुलात ठेवलं. शंभर वर्षांनी, २००३ मध्ये, डीएनए तपासल्यावर निघालं की त्याचं नातं पॅसिफिक महासागरापलीकडच्या ब्रॉडबिल आणि पिट्टांशी आहे. भोवती हजारभर अमेरिकन सबऑसिन, आणि हा मात्र आपल्या बाजूचा. त्याला आता स्वतंत्र कुल दिलंय, आणि त्या कुलात तो एकच.

तुमच्या भाच्याला हे जरूर सांगा, रानजाई. "इथे एकटाच का" हा प्रश्न सापायोआला विचारला तर त्याचं उत्तर फार लांबचं आहे.

सिंहपुरी

मी मूळची साताऱ्याची, गेली अकरा वर्षं सिंगापूरमध्ये. इथे नवरंग नाही, पण त्याचा अगदी सख्खा वाटावा असा निळ्या पंखांचा पिट्टा आणि काळ्या डोक्याचा हूडेड पिट्टा स्थलांतराच्या काळात येतात. दोघेही रात्री उडतात. सकाळी उंच इमारतींच्या काचांखाली पडलेले सापडतात. पहिल्या वर्षी आमच्या इमारतीच्या दारात एक निळ्या पंखांचा पडला होता. मला वाटलं नवरंग आहे, रडूच आलं, इतका घरचा वाटला. नंतर एका अनुभवी बाईंनी दाखवलं की पंखावरचा निळा भाग याचा खूप मोठा आणि डोक्याची पट्टी वेगळी.

त्या दिवसापासून आम्ही पाच-सहा जणी सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे फेरी मारतो. जिवंत सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवायचा. पाणी तोंडात ओतायचं नाही, खायला घालायचं नाही, पुन्हा पुन्हा उघडून बघायचं नाही. धक्का ओसरला की बरेचदा तासा-दोन तासांत तो स्वतः उडायला तयार होतो. नाहीतर जाणकारांकडे द्यायचा.

मुंबई-ठाण्यातही जूनच्या सुरुवातीला दमलेले नवरंग लोकांच्या गॅलरीत सापडतात. हे तिथेही लागू आहे. आणि वन विभागाला कळवणं विसरू नका.

जुना कोश

सगळं वाचतो आहे आणि आवडतंय. पण एक शंका मनापासून मांडतो.

मी चाळीस वर्षांपूर्वी पक्षी बघायला लागलो तेव्हा पिट्टाच्या तीसेक जाती होत्या. आता चाळीसच्या वर गेल्या, आणि प्रत्येक यादीत आकडा निराळा. बँडेड पिट्टा एक होता, त्याचे जावा, मलाया आणि बोर्निओ असे तीन झाले. लाल पोटाच्या पिट्टाचे तर किती तुकडे केले ते मोजायलाही दमायला होतं. पक्षी तेच आहेत, जंगल तेच आहे, उलट कमी झालंय. माणूस नुसता नावं वाढवतोय. दर चार वर्षांनी पुस्तक बदलायचं तर गावातला मुलगा कशावर विश्वास ठेवणार? जुन्या लोकांनी डोळ्यांनी जे ओळखलं ते प्रयोगशाळेतून खोडून काढायचं का, हा मला प्रश्न पडतो.

कातळफूल

तुमची शंका रास्त आहे, आणि मला ती आदराने घ्यावीशी वाटते. जातींची संख्या ही शेवटी माणसाने ठरवलेल्या व्याख्येवर अवलंबून असते. लाल पोटाच्या पिट्टाचंच बघा. फिलिपिन्सपासून सुलावेसी, मोलुकास, न्यू गिनी करत उत्तर ऑस्ट्रेलियाच्या टोकापर्यंत बेटाबेटांवर तो पसरलाय. २०१३ मध्ये इरेस्टेट आणि मंडळींनी त्याची वंशावळ काढली आणि त्यांच्या मते त्यात सतरापर्यंत वेगळ्या जाती मानता येतात. दोन वर्षांनी दुसऱ्या तज्ज्ञांनी पिसांची मोजमापं घेऊन त्याहून कमी आकडा मान्य केला. दोघेही प्रामाणिक. म्हणून आकडा मी पाठ करत नाही. कोणती शाखा कुठे फुटली ते लक्षात ठेवतो.

पण "पक्षी तेच आहेत" याच्याशी मी सहमत नाही. एक जात मानली तर यादीत तिच्यापुढे 'सर्वत्र आढळते, धोका नाही' असं लिहिलं जातं. मग एखाद्या छोट्या बेटावरचं रान संपलं आणि तिथला पिट्टा गेला, तर कागदावर काहीच घडत नाही. वेगळी जात मानली की त्या बेटाचं नाव यादीत येतं.

आपल्याकडचं उदाहरण निकोबारचं. हूडेड पिट्टा ईशान्य भारतात आणि अंदमानातही आहे. निकोबारचा मात्र आता स्वतंत्र जात मानला जातो, पिट्टा अ‍ॅबटी. नाव अ‍ॅबट या अमेरिकन संग्राहकावरून. हा पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नाही. तो 'हूडेडपैकीच एक' असताना त्या बेटांकडे कोण पाहत होतं?

आणि जुन्या लोकांचं डोळ्यांनी पाहिलेलं खोडलं गेलेलं नाही. १८६४ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने मलाय द्वीपसमूहातल्या पिट्टांवर लेख लिहिला. कोणत्या बेटावर कोणता, हे त्याने स्वतः रानात हिंडून नोंदवलं होतं. आजचे डीएनएवाले त्याच बेटांच्या सीमांशी येऊन पोचतात.

जुना कोश

निकोबारचं पटलं. त्या दिशेने मी विचार केला नव्हता. सतराचं अजून पटलेलं नाही, पण वाचेन.

पाऊलवाट_दूरची

मी २०१८ मध्ये एक्वादोरला गेले होते. तिथे मिंडो भागात एक शेतकरी पहाटे रानात जाऊन हाक मारतो, "मारिया, मारिया!", आणि पाचोळ्यातून एक मोठा, गोलमटोल, आखूड शेपटीचा पक्षी उड्या मारत येतो आणि त्याने टाकलेले गांडुळाचे तुकडे खातो. तो जायंट अँटपिट्टा. आधी हा माणूस लाकूडतोड करायचा, आता त्याच्या रानात जगभरचे लोक हा पक्षी बघायला येतात. मी पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे, हा तर रंग उडालेला नवरंग!" उंच पाय, ताठ उभं राहणं, उडी मारून थबकणं, सगळं तेच. मग अँटपिट्टा आणि पिट्टा भाऊबंद नाहीत का?

कातळफूल

नाहीत, आणि या धाग्यासाठी याहून चांगला प्रश्न नाही. अँटपिट्टा हे ग्रॅलारिडी कुलातले. पूर्वी त्यांना अँटथ्रशच्या कुलात ठेवायचे, नंतर वेगळं कुल दिलं. तेही सबऑसिनच, पण अमेरिकन शाखेतले. पिट्टा आणि अँटपिट्टा यांचे रस्ते कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. दाट रानाच्या अंधाऱ्या तळाशी पाचोळ्यातून किडे आणि गांडुळं शोधायची तर लांब पाय आणि उडी मारत चालणं सोयीचं, आणि लांब शेपटी अडचणीची. दोन वेगळ्या खंडांत, दोन वेगळ्या घराण्यांत, एकाच कामाने एकच अंगकाठी घडवली. लिनियसला कावळा आणि स्टॅटियस म्युलरला कस्तूर दिसला, तसाच तुम्हाला नवरंग दिसला. डोळा फसतो तो इथेच.

सबऑसिनांबद्दल आणखी एक महत्त्वाचं. ऑसिन पक्ष्यांची पिल्लं मोठ्यांचं गाणं ऐकून शिकतात. म्हणून दयाळांत, बुलबुलांत गावागणिक बोली बदलते. सबऑसिनांचं गाणं मात्र बहुतेक उपजत असतं. अमेरिकेतल्या फीबी नावाच्या सबऑसिनाची पिल्लं मोठ्यांचा आवाज कधीही न ऐकता वाढवली, तरी मोठेपणी ती नेमकं आपल्या जातीचंच गाणं म्हणाली. त्यामुळे या गटात आवाज हा वंशाचा जवळजवळ शिक्का मानतात. डोंगराच्या एका बाजूचा अँटपिट्टा वेगळं ओरडतो आणि दुसऱ्या बाजूचा वेगळं, तर तो नुसता बोलीचा फरक नसतो. २०२० मध्ये अँडीज पर्वतातल्या तांबूस अँटपिट्टाची जी एकच जात मानत होते, तिच्या अनेक जाती केल्या, त्या मुख्यतः आवाज आणि डीएनए जुळवून. पिसांवरून त्या ओळखणं अवघड आहे.

@जुना कोश, ही गोष्ट तुमच्यासाठीही. इथे प्रयोगशाळेइतकाच कान कामाला आला.

खारफुटी

मी ओडिशात नोकरीनिमित्त सहा वर्षं होते, भितरकनिकाजवळ. तिथे मँग्रोव्ह पिट्टा आहे. खारफुटीच्या चिखलात, भरती ओसरली की मुळांमधून उड्या मारत खेकडे पकडतो. चोच चांगली दणकट, त्याच्या शास्त्रीय नावाचाच अर्थ मोठ्या चोचीचा. रंग जवळजवळ सिंहपुरी म्हणाल्या त्या निळ्या पंखांच्या पिट्टासारखा. नवरंग, मँग्रोव्ह, निळ्या पंखांचा आणि पूर्व आशियातला फेअरी पिट्टा हे चौघे एकमेकांच्या फार जवळचे. फेअरी पिट्टाला तर पूर्वी काहीजण नवरंगाचीच उपजाती मानत.

तिथल्या नावाड्यांना आवाजावरून तो कुठल्या खाडीत आहे हे नेमकं कळायचं. मी पहिला पिट्टा एका नावाड्याच्या बोटाच्या दिशेने पाहिला, दुर्बिणीने नंतर.

कोथरूड_ते_कोबे

फेअरी पिट्टाचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी जपानमध्ये राहतो. इथे त्याला 'याइरोचो' म्हणतात. 'या' म्हणजे आठ, 'इरो' म्हणजे रंग, 'चो' म्हणजे पक्षी. अष्टरंग! शिकोकू बेटावरच्या कोची प्रांताचा तो मानाचा पक्षी आहे. कोरियात आणि तैवानमध्येही नावाचा अर्थ हाच, आठ रंगांचा पक्षी. तैवानच्या युनलिन भागातल्या हूबेन गावाने तर त्याच्या विणीचं रान वाचवण्यासाठी लढा दिला. हा पक्षी थंडीत बोर्निओपर्यंत जातो.

आपण नऊ मोजले, यांनी आठ. एका जपानी सहकाऱ्याला मी 'नवरंग' सांगितलं तर तो कागद घेऊन दोन्ही पक्ष्यांचे रंग मोजायला बसला. आम्ही दुपारचं जेवण विसरलो.

भंडारेकर

ह्यूमचा उल्लेख कसा नाही आला अजून? अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसची पहिली बैठक भरली त्यामागचे ह्यूम. त्याआधी ते हिंदुस्थानातले सर्वांत मोठे पक्षिअभ्यासक होते. १८७५ मध्ये त्यांनी गर्नीच्या पिट्टाचं वर्णन केलं. तो पक्षी त्यांच्यासाठी डेव्हिसनने दक्षिण तेनासेरिमच्या, म्हणजे आताच्या म्यानमारमधल्या, रानातून आणला होता. ज्या वर्षी काँग्रेस झाली त्याच वर्षी ह्यूमनी आपला सुमारे ऐंशी हजार कातड्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

आणि हाच गर्नीचा पिट्टा पुढे रानातून नाहीसाच झाला. १९५२ नंतर कुणाला दिसेना. १९८६ मध्ये फिलिप राउंड आणि उथाई त्रीसुकोन यांना तो दक्षिण थायलंडमध्ये क्राबी प्रांतातल्या सखल रानात पुन्हा सापडला. त्याचा माग लागला तो पक्षी विकणाऱ्यांकडून. २००३ मध्ये म्यानमारमध्येही सापडला. पण तो डोंगरावर राहत नाही, त्याला सपाटीचंच रान लागतं, आणि तेलपामची लागवड त्याच सपाटीवर होते. थायलंडमधले तर फारच कमी झाले. हायड्रॉर्निस प्रजातीतला आहे, म्हणजे नर-मादी वेगळे: नराचं डोकं निळं, पोट काळं-पिवळं.

अंजनवेल

इतकं वाचून मला रविवारी नवरंग बघायला जायचंच आहे. मुंबईजवळ कर्नाळ्यात दिसतो असं ऐकलं. फोनवर त्याचा आवाज लावला की लगेच समोर येतो असंही एकाने सांगितलं. तसं केलं तर चालेल ना?

रानजाई

अंजनवेल, कृपा करून तसं करू नका. रागावून नाही, कळकळीने सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच भागात एका ठिकाणी, जागा सांगत नाही, नवरंगाचं घरटं असल्याची बातमी फुटली. चार दिवसांत कॅमेरे घेऊन माणसं आली. दिवसभर फोनवर शीळ. कातळफूल यांनी वर लिहिलंय की याचं गाणं उपजत असतं. म्हणजे तो आवाज त्याच्यासाठी एकच गोष्ट सांगतो: माझ्या हद्दीत दुसरा आलाय. नर सकाळपासून दुपारपर्यंत त्या न दिसणाऱ्या दुसऱ्याला शोधत फिरत होता. घरट्याकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा घरट्याशी हालचाल नव्हती. पानांचा गोळा, बाजूने गोल दार, आत पाच पांढरी चकचकीत अंडी, त्यावर जांभळट ठिपके. गार. मी हात लावून पाहिला. ते आठवलं की अजून घशाशी येतं.

कर्नाळ्याला जरूर जा. पावणेसहाला पायवाटेच्या कडेला बसा, अंगावर मळकट कपडे घाला, बोलू नका. पाचोळ्याचा आवाज ऐका. तो खूपदा आधी ऐकू येतो, मग दिसतो. नाही दिसला तर दोन सूर तरी ऐकून या.

अंजनवेल

मला खरंच माहीत नव्हतं. नाही लावणार. ज्याने सांगितलं त्यालाही हे वाचायला पाठवते.

सिंहपुरी

रानजाई, वाचून वाईट वाटलं. श्रीलंकेतल्या माझ्या मैत्रिणीने सांगितलेली एक गोष्ट तुमच्या भाच्यासाठी: सिंहली लोक म्हणतात, मोराने याचा सुंदर पोशाख उसना नेला आणि परत दिलाच नाही, म्हणून हा बिचारा तक्रार करत फिरतो. सिंहलीत त्याचं नावही त्याच्या हाकेवरूनच पडलंय, 'अविच्चिया'.

रानजाई

भाच्याला गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, "एवढे रंग उरलेत, मग मोराने नेलं काय?"

आज ४ जुलै. सकाळपासून रिपरिप. सहा वाजून दहा मिनिटांनी बागेच्या खालच्या अंगाला दोघंही दिसले. एकाच्या चोचीत बांबूचं सुकं पान, आडवं धरलेलं, स्वतःच्या अंगापेक्षा लांब. ते घेऊन तो करवंदीच्या जाळीत शिरला, रिकाम्या चोचीने बाहेर आला, पुन्हा पान उचललं. आम्ही मागच्या दारातून बघत होतो. भाच्याने पंधरा फेऱ्या मोजल्या आणि मग आईने चहाला हाक मारली. पुढचा महिनाभर त्या बाजूला कुणी जाणार नाही, काजूच्या फांद्या छाटायच्या होत्या त्याही राहू देत. कुठली जाळी ते इथे लिहीत नाही.